बंगल्यातून कारखान्यात : जॉर्जो गास्लिनी आणि इटलीतला जॅझ

आज आपण एका पार्टीपासून सुरुवात करू. पार्टी खोटी आहे, चित्रपटातली आहे, पण तिच्यात वाजवणारे वादक खरे आहेत.

१९६१ साली मिकेलांजेलो आंतोनिओनी या दिग्दर्शकाचा 'ला नोत्ते' हा चित्रपट आला. 'ला नोत्ते' म्हणजे रात्र. मिलान शहर, एक दिवस आणि एक रात्र, आणि एक विटत चाललेला संसार. नवरा लेखक आहे, ती भूमिका मार्चेल्लो मास्त्रोयान्नीची. बायको जान मोरो. रात्री ही दोघं एका बड्या उद्योगपतीच्या बंगल्यावर पार्टीला जातात. तिथे बागेत एक चौकडी जॅझ वाजवते आहे. पियानो, सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम. पाहुणे पितात, बोलतात, पावसात तलावात उड्या मारतात, एकमेकांच्या बायकांशी लाडीगोडी करतात. चौकडी वाजवतच राहते. पहाटे सगळं संपल्यावर नवरा-बायको हिरवळीवरून चालत बाहेर पडतात, तेव्हाही ही मंडळी वाजवतच असतात. ऐकायला कोणीही नसतं.

त्या चौकडीचा पियानोवादक आणि त्या चित्रपटाचा संगीतकार एकच. जॉर्जो गास्लिनी. वय एकतीस. या संगीतासाठी त्याला इटलीतल्या चित्रपट पत्रकारांचा 'नास्त्रो द'आर्जेंतो' हा पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटाला बर्लिनमध्ये सोनेरी अस्वल. आंतोनिओनी पार्श्वसंगीताचा फार कंजूष दिग्दर्शक. प्रसंगाला भावनेचा मुलामा द्यायला तो संगीत वापरत नसे. म्हणून या चित्रपटात संगीत आहे ते बहुतांशी त्या जागेतच वाजणारं, पात्रांच्या कानांवर पडणारं.

आता यातली एक गोष्ट लक्षात ठेवू या. चित्रपटातला उद्योगपती त्या लेखकाला नोकरी देऊ करतो. काम काय, तर कंपनीसाठी लिहायचं, कंपनीचा इतिहास लिहायचा. म्हणजे पैसेवाल्याच्या बागेत त्या रात्री दोन प्रकारचे कलावंत आहेत. एकाला विकत घ्यायची बोलणी चालू आहेत आणि दुसऱ्यांना रात्रीपुरतं भाड्याने आणलं आहे. दहा-बारा वर्षांनी हाच पियानोवादक कामगारांसमोर, कारखान्यांत जाऊन वाजवत होता. बंगल्यापासून कारखान्यापर्यंत तो कसा गेला, आणि त्या प्रवासात त्याच्या शास्त्रीय तालमीचं काय झालं, हे आज आपल्याला बघायचं आहे.

गास्लिनीचा जन्म मिलानचा, २२ ऑक्टोबर १९२९. पियानोला हात लहानपणीच लागला. तेराव्या वर्षी तो लोकांपुढे वाजवू लागला आणि सोळाव्या वर्षी त्याच्या जॅझ त्रिकुटाचं ध्वनिमुद्रण झालं. आता जरा हिशोब करा. तेरावं वर्ष म्हणजे १९४२-४३. मुसोलिनीची राजवट, आणि मिलानवर बॉम्बवर्षाव. ऑगस्ट १९४३ मध्ये तर ला स्काला हे जगप्रसिद्ध ऑपेरागृहसुद्धा बॉम्बने उद्ध्वस्त झालं. सोळावं वर्ष म्हणजे १९४५-४६. युद्ध नुकतंच संपलेलं. मे १९४६ मध्ये तोस्कानिनी अमेरिकेहून परतला आणि दुरुस्त झालेल्या ला स्कालात त्याने पहिली मैफल केली. गास्लिनीच्या पिढीचा कान या चार वर्षांत तयार झाला. एकीकडे राखेतून उभं राहणारं ला स्काला, आणि दुसरीकडे अमेरिकन सैनिकांसोबत उघडपणे आलेला जॅझ.

उघडपणे म्हटलं ते मुद्दाम. चोरून तो आधीपासून होताच. फॅसिस्ट राजवटीचं जॅझशी वागणं मोठं गमतीचं होतं. तत्त्व म्हणून तो परका, काळ्यांचा, ज्यूंचा, म्हणून त्याज्य. अमेरिकेशी युद्ध पुकारल्यावर अमेरिकन संगीतावरची बंधनं आणखी आवळली गेली. मग नावांची भाषांतरं सुरू झाली. लुई आर्मस्ट्राँगचा 'लुइजी ब्राच्चोफोर्ते' आणि बेनी गुडमनचा 'बेनियामिनो बुओनोमो' झाल्याचे किस्से इटलीत आजही सांगतात. आणि खुद्द मुसोलिनीच्या घरात? त्याचा धाकटा मुलगा रोमानो जॅझचा वेडा. युद्धानंतर तो जॅझ पियानोवादकच झाला, आणि बरा वाजवायचा. रोमानोने पियानो आपलाआपण शिकला, त्याला शाळा नव्हती. गास्लिनीचं नेमकं उलट. दोघे एकाच देशाचे, जवळजवळ एकाच वयाचे, एकाच वाद्याचे. पण रोमानोसाठी जॅझ ही आवडीची गोष्ट होती आणि गास्लिनीसाठी तो एक प्रश्न झाला. तो प्रश्न निर्माण झाला शाळेमुळे.

इटलीतली शाळा म्हणजे कॉन्झर्वेटरी, सरकारी संगीत महाविद्यालय. तिथला अभ्यासक्रम १९३० च्या राजाज्ञेने ठरलेला होता, आणि आश्चर्य वाटेल, थोड्याफार डागडुजीवर तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. पियानोची पदविका म्हणजे दहा वर्षं. रचनाशास्त्राची तेवढीच. बाख, बेटोफन, शोपाँ, काउंटरपॉइंट म्हणजे स्वरावलींना स्वरावलींनी उत्तर द्यायचं शास्त्र, फ्यूग लिहिण्याच्या परीक्षा. या सगळ्यात उपज नावालाही नव्हती. ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे, कारण बाख, मोझार्ट, बेटोफन तिघेही जागेवर रचून वाजवण्याबद्दल त्यांच्या काळी नावाजलेले होते. एकोणिसाव्या शतकात छापील स्वरलिपीचा मान वाढत गेला, वादक हा लिहिलेलं बिनचूक वाजवणारा माणूस झाला, आणि उपज वर्गाबाहेर गेली. आपल्या श्रोत्यांना हे समजायला जड जाऊ नये. ख्यालगायकाला उद्या कोणी सांगितलं की आलाप लिहून आणा आणि तेवढाच म्हणा, तर काय होईल, तसं काहीसं तिथे दीडशे वर्षांत सावकाश झालं.

मिलानच्या कॉन्झर्वेटरीत गास्लिनी पियानो, रचनाशास्त्र आणि वाद्यवृंदाचं संचालन शिकला. संध्याकाळी जॅझ. अशी दुहेरी आयुष्यं तेव्हा बरीच होती. दिवसा वर्गात शूमान, रात्री क्लबात गाणी, आणि एकाची दुसऱ्याकडे वाच्यता नाही. गास्लिनीचा हट्ट हा की वाच्यता करायची.

त्याचं पहिलं मोठं पाऊल १९५७ चं. सान रेमोच्या जॅझ महोत्सवात त्याने आठ वादकांसाठी लिहिलेली 'तेंपो ए रेलात्सिओने' ही रचना सादर केली. म्हणजे 'काल आणि संबंध'. नाव एखाद्या तत्त्वज्ञानाच्या प्रबंधासारखं आहे, हे मान्य. यात त्याने जॅझ आणि बारा स्वरांची पद्धत एकत्र आणली. ही पद्धत काय आहे, ते थोडं थांबून पाहू.

हार्मोनियम डोळ्यांपुढे आणा. एका सप्तकात शुद्ध, कोमल, तीव्र मिळून बारा पट्ट्या. आपण त्यांतला एक षड्ज मानतो आणि बाकी सगळे स्वर त्याच्या नात्याने ओळखतो. युरोपच्या संगीतातही काही शतकं एक स्वर घरधनी असायचा. १९२० च्या दशकात व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गने म्हटलं की घरधनीच नको. बाराही स्वरांची एक ओळ लावायची, प्रत्येक स्वर एकदाच, आणि सगळे येऊन गेल्याशिवाय पहिला पुन्हा घ्यायचा नाही. ही ओळ उलटी करता येते, मागून पुढे वाजवता येते, वर-खाली सरकवता येते. पण कुठल्याही एका स्वरावर विसावता येत नाही. षड्ज नसलेलं संगीत. आणि जॅझ? जॅझमध्ये वादक ठरावीक मात्रांच्या आवर्तनावर, ठरावीक स्वरमेळांच्या आधाराने उपज करतो. त्याच्या पायाखाली जमीन पक्की असते म्हणून तर तो उडी मारू शकतो. ती जमीन काढून घ्यायची आणि उडीही मारायला सांगायची, असा हा गास्लिनीचा प्रयोग.

जमला का? आमचं मत असं की निम्मा. शोनबर्गची पद्धत आधी सगळं ठरवून ठेवणारी आहे आणि जॅझ आयत्या वेळी ठरवणारा. दोन्ही एका घरात नांदवायची तर कोणाला तरी पडतं घ्यावं लागतं. पण १९५७ हे साल पाहा. त्याच वर्षी अमेरिकेत गुंथर शुलर या संगीतकाराने जॅझ आणि शास्त्रीय संगीत यांच्या संगमाला 'तिसरा प्रवाह' हे नाव दिलं. आणि मिलानमध्येच, इटालियन नभोवाणीच्या इमारतीत, लुचानो बेरिओ आणि ब्रुनो मादेर्ना यांचा इलेक्ट्रॉनिक ध्वनीचा स्टुडिओ दोन वर्षं आधी सुरू झालेला. शहरात हवाच तशी होती.

मग 'ला नोत्ते' आणि पुरस्कार. इथून पुढे सुखाची वाट होती. चित्रपट, पैसा, वर्षाला दोन तबकड्या. गास्लिनी चित्रपटांसाठी नंतरही लिहीत राहिला, ते त्याने टाकलं नाही. पण १९६४ मध्ये त्याने एक जाहीरनामा काढला, 'मूझिका तोताले', संपूर्ण संगीत. पुढे १९७५ मध्ये याच नावाचं त्याचं पुस्तक फेल्त्रिनेल्ली या मिलानच्या प्रकाशनाने काढलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. शास्त्रीय, जॅझ, लोकसंगीत, इलेक्ट्रॉनिक, गाणी असे जे कप्पे आहेत ते संगीताने पाडलेले नाहीत. ते समाजाने पाडले आहेत. कोण कुठल्या दारातून आत येतो, कोणाला तिकीट परवडतं, कोणाला शाळेत प्रवेश मिळतो, यावरून ते पडले आहेत. तेव्हा सगळी संगीतं एकाच माणसाच्या हातून एकाच वेळी वाजली पाहिजेत, आणि ती सगळ्यांपुढे वाजली पाहिजेत.

या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग, सगळी संगीतं एकत्र, हा सोपा. तो कलावंताच्या हातात असतो. १९६६ मध्ये त्याने 'नुओवी सेंतिमेंती', म्हणजे नव्या भावना, ही तबकडी केली. तिच्यात ट्रम्पेटवर अमेरिकेचा डॉन चेरी आणि इटलीचा तरुण एन्रिको रावा, सॅक्सोफोनांमध्ये स्टीव्ह लेसी आणि अर्जेंटिनाचा गातो बार्बिएरी, शिवाय दोन बास आणि दोन ड्रम. युरोपात मुक्त जॅझ तेव्हा नुकता पाय रोवत होता, आणि त्यातली इतकी माणसं मिलानच्या एका स्टुडिओत जमवणं ही साधी गोष्ट नव्हती. १९७० मध्ये त्याने माल्कम एक्सवर संगीतनाट्य केलं. जॅझ हा काळ्या माणसांच्या लढ्याचा आवाज आहे, नुसता ठेका नाही, हे त्याला दाखवायचं होतं.

दुसरा भाग, सगळ्यांपुढे, हा अवघड. त्याला हॉल लागतो, रस्ता लागतो, राजकारण लागतं. ते राजकारण १९६८-६९ मध्ये चालून आलं. आधी विद्यापीठं पेटली. मग १९६९ ची शरद ऋतूतली संपांची लाट आली, जिला इटालियन लोक 'तप्त शरद' म्हणतात. तूरिन-मिलानच्या कारखान्यांत दक्षिणेकडून आलेली लाखो तरुण माणसं काम करत होती आणि त्यांनी कामच थांबवलं. १९७० मध्ये कामगारांच्या हक्कांचा कायदा झाला. १९७३ मध्ये धातुकामगारांच्या करारात एक कलम आलं, ते आम्हाला फार मोलाचं वाटतं : शिक्षणासाठी भरपगारी दीडशे तास. कारखान्यातल्या माणसाने शिकायचं, आणि त्या वेळेचा पगार मालकाने द्यायचा. शिकायचं काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एका बाजूला ही मागणी आणि दुसऱ्या बाजूला गास्लिनीचा जाहीरनामा ठेवून पाहा. दोन्ही एकाच भाषेत बोलतात.

गास्लिनी आपली चौकडी घेऊन विद्यापीठांत गेला, कारखान्यांत गेला, मनोरुग्णालयांत गेला. मनोरुग्णालयं कशासाठी, तर त्याच काळात फ्रांको बाझाल्या हा मानसोपचारतज्ज्ञ आधी गोरित्सियात आणि मग त्रिएस्तेत वेड्यांच्या इस्पितळांची दारं उघडत होता. त्या चळवळीतून १९७८ मध्ये मनोरुग्णालयं बंद करणारा कायदा झाला. कलावंत तिथे जात होते ते केवळ दयाबुद्धीने नव्हे. कुलूपबंद माणूस हा श्रोता आहे, हे ठामपणे सांगणं हाच त्यामागचा मुद्दा होता.

या वाटेवर तो एकटा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पियानोवादक माउरित्सिओ पोल्लिनी, संचालक क्लाउदिओ आब्बादो, संगीतकार लुइजी नोनो हेही त्या वर्षांत कामगारांपर्यंत गेले. नोनोची १९६४ ची 'ला फाब्रिका इल्लुमिनाता' ही रचना तर जेनोआच्या पोलाद कारखान्यातले खरे आवाज मुद्रित करून केलेली आहे. फरक आहे तो इथे. नोनोने कारखान्याचा आवाज संगीतात आणला. पोल्लिनीने तयार संगीत कारखान्यात नेलं. गास्लिनीच्या हातात मात्र असं संगीत होतं जे तिथेच, त्या श्रोत्यांपुढे, थोडं बदलू शकत होतं. उपज करणाऱ्याला समोर कोण बसलंय याचा परिणाम टाळता येत नाही. १९७३ च्या त्याच्या एका तबकडीचं नावच 'फाब्रिका ओकुपाता' आहे, म्हणजे कामगारांनी ताब्यात घेतलेला कारखाना.

कामगारांना ते आवडलं का? याचं उत्तर सरसकट देता येत नाही, आणि देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. त्या पिढीतल्या कलावंतांच्या आठवणींत टाळ्या फार असतात. बारा स्वरांची ओळ दिवसपाळी संपवून आलेल्या माणसाला कशी वाटली असेल, याची कल्पना करणं कठीण नाही. पण उलट बाजूही आहे. त्याच १९७३ मध्ये उंब्रिया जॅझ हा महोत्सव सुरू झाला, गावागावांच्या चौकांत, फुकट. तिथे एवढी तरुण मंडळी लोटली की आयोजकांना ती आवरेनात. म्हणजे भूक होती. कोणत्या संगीताची होती हा वेगळा प्रश्न. पण हे आपल्यासाठी नाही, असं मानणारी माणसं मात्र वेगाने कमी होत होती.

आता जे आम्हाला त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत टिकाऊ काम वाटतं त्याकडे येतो. ते ना चित्रपटात आहे, ना कारखान्यात. ते वर्गात आहे.

१९७२-७३ या शैक्षणिक वर्षात रोमच्या सांता चेचिलिया कॉन्झर्वेटरीत जॅझचा वर्ग सुरू झाला. इटलीच्या सरकारी संगीत महाविद्यालयातला हा पहिलाच. शिकवणारा गास्लिनी. नीट पाहा, १९३० च्या राजाज्ञेचा अभ्यासक्रम तिथे अजून चालूच आहे. त्याच इमारतीत एका खोलीत फ्यूग लिहिली जाते आहे आणि दुसऱ्या खोलीत ब्लूजचं बारा मात्रागटांचं आवर्तन. पुढे १९७९-८० मध्ये मिलानच्या कॉन्झर्वेटरीतही त्याने असाच वर्ग घेतला. बंड करणाऱ्याने परत त्याच दारात का जावं, असं कोणी विचारेल. आमच्या मते त्याच्याइतकं दुसरं कोणी हे करूच शकलं नसतं. दारावरच्या माणसाला नाकारता येणार नाहीत अशी कागदपत्रं त्याच्या खिशात होती. पदविका होती, स्वररचना लिहिलेल्या वह्या होत्या, पुरस्कार होता. स्वतः शिकलेल्या, उत्तम वाजवणाऱ्या जॅझवाल्याला ते दार उघडलं नसतं. शास्त्रीय तालमीचा सर्वांत मोठा उपयोग त्याला पियानोवर झाला नाही, तो इथे झाला.

आणि त्या वर्गात आलं कोण? वाद्य घेऊन आलेल्यांत मास्सिमो उर्बानी नावाचा एक मुलगा होता. रोमच्या कडेच्या साध्या वस्तीतला, जन्म १९५७ चा, हातात सॅक्सोफोन. म्हणजे वर्गात आला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. चार्ली पार्करपासून आल्बर्ट आयलरपर्यंत सगळं त्याने कानाने उचललेलं. गास्लिनीने त्याला सरळ आपल्या तबकड्यांवर घेतलं. 'फाब्रिका ओकुपाता'वर आपल्याला तो ऐकू येतो. इटलीतल्या जॅझ रसिकांना विचारा, त्यांच्या देशातला सर्वांत उत्कट सॅक्सोफोन कोणाचा, तर बरेच जण अजूनही त्याचंच नाव घेतील. उर्बानी १९९३ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, अमली पदार्थाच्या अतिसेवनाने गेला. संस्था माणसाला दार उघडून देते, पुढचं सगळं तिच्या हातात नसतं. त्याच मंडळींतलं दुसरं नाव ब्रुनो तोम्माझो, गास्लिनीबरोबर बास वाजवणारा. १९७५ मध्ये रोमच्या तेस्ताच्चो या कामगार वस्तीत लोकांची संगीत शाळा निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. ती शाळा आजही चालू आहे. सरकारी कॉन्झर्वेट्ऱ्यांत जॅझ हळूहळू, एकेक करून, पुढच्या दोन दशकांत शिरला. १९९९ च्या कायद्याने या संस्थांना विद्यापीठाच्या पातळीवर आणलं आणि आज तिथे जॅझची पदवी घेता येते.

मधल्या एका प्रकरणाचा उल्लेख केला पाहिजे, कारण गास्लिनीचं नाव अनेकांनी फक्त तिथेच वाचलेलं असतं. १९७५ मध्ये दारिओ आर्जेंतोचा 'प्रोफोंदो रोस्सो' हा रहस्य-भयपट आला. त्याचं संगीत आधी गास्लिनीकडे होतं. दिग्दर्शकाचं आणि त्याचं जमलं नाही, आणि रोमच्या गोब्लिन या रॉक बँडमधल्या पोरांनी बाकीचं काम केलं. त्या पोरांची मुख्य धून तुफान गाजली. तबकडीवर दोघांचीही नावं आहेत. गंमत अशी, की संपूर्ण संगीताचा पुरस्कार करणाऱ्या माणसाची जी तबकडी खरोखर सगळ्यांपर्यंत गेली, ती दुसऱ्यांच्या धुनेमुळे गेली. आणि त्या चित्रपटाचा नायक, बरं का, जॅझ पियानोवादकच आहे, आणि कॉन्झर्वेटरीत जॅझ शिकवतो.

१९८० नंतर चळवळी ओसरल्या. इटलीने रक्तही बरंच पाहिलं होतं. गास्लिनी पुन्हा एकटा पियानोकडे वळला, आणि आमच्या मते वादक म्हणून त्याचं उत्तम काम या काळातलं आहे. मिलानच्याच सोल नोट या छोट्या कंपनीने ते काढलं. १९८१ मध्ये थेलोनियस मंकच्या रचना, १९८४ मध्ये शूमानवर जॅझ त्रिकुटाचं चिंतन, आणि १९९० च्या सुमारास आल्बर्ट आयलर.

आयलरवर थोडं थांबू. आयलर हा सॅक्सोफोनवादक, १९७० मध्ये गेला. त्याच्या धुना अगदी साध्या, चर्चमधल्या किंवा लष्करी बँडच्या वळणाच्या. पण आवाज असा, की स्वर थरथरतो, घसरतो, फाटतो, किंकाळी होतो. त्याच्या संगीतातलं महत्त्वाचं सगळं दोन स्वरांच्या मध्ये घडतं. आणि पियानो हे वाद्य कसं? पट्टी दाबली, हातोडी तारेवर पडली, स्वर उमटला आणि लगेच विरू लागला. एकदा उमटल्यावर वादक त्याला काही करू शकत नाही. मींड नाही, आंदोलन नाही. आपल्याकडे हार्मोनियमवर जो आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला, तोच. मग आयलर पियानोवर न्यायचा कसा? शेजारच्या पट्ट्या एकत्र दाबून स्वर मळका करता येतो. एकच स्वर घाईने पुन्हा पुन्हा वाजवून तो टिकल्याचा भास करता येतो. पेडल धरून अनेक स्वर एकमेकांत मिसळता येतात. हे उपाय शोपाँ, लिस्ट, दबुसी, बार्टोक यांच्या वाटेने आलेल्या पियानोवादकाला हाताशी असतात. म्हणजे आयलरची किंकाळी पियानोवर आणायला युरोपच्या पियानोचा सगळा इतिहास कामी आला. १९५७ मध्ये कागदावर जे निम्मं जमलं होतं, ते इथे बोटांत पुरतं उतरलं, असं आम्हाला वाटतं. इथे कोणालाही पडतं घ्यावं लागत नाही.

त्याच्यावरचे आक्षेप लपवण्यात अर्थ नाही. अति बौद्धिक, कोरडा, सगळं करायला जाऊन कशातच न मुरणारा, असं त्याच्याबद्दल म्हटलं गेलं. त्यात तथ्य नाही असं नाही. सत्तरीतल्या काही तबकड्या आज ऐकताना घोषणा आधी ऐकू येते आणि संगीत मागून. जॅझच्या बाजूचे म्हणायचे, हा प्राध्यापक आहे. शास्त्रीयच्या बाजूचे म्हणायचे, हा जॅझवाला आहे. तरी १९७६-७७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या महोत्सवाने त्याला बोलावलं, आणि अमेरिकेतल्या जॅझ महोत्सवाचं अधिकृत आमंत्रण मिळालेला तो पहिला इटालियन. त्याच्या रचना ला स्कालातही सादर झाल्या. १९९० च्या दशकात इटलीतल्या मुक्त जॅझवाल्यांचा 'इटालियन इन्स्ताबिले ऑर्केस्ट्रा' जमला, तेव्हा त्यांच्यासाठीही त्याने लिहिलं. साठी ओलांडलेला माणूस पोरांमध्ये पियानोवर बसलेला. २९ जुलै २०१४ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, पार्मा प्रांतातल्या बोर्गो वाल दि तारो इथे तो गेला.

व्याख्यानानंतर एक प्रश्न आला, की आज इटलीत कॉन्झर्वेटरीतून आलेले जॅझ पियानोवादक एवढे दिसतात, एन्रिको पिएरानुन्झी, स्तेफानो बोल्लानी, ते गास्लिनीचे शिष्य का? नाही. पिएरानुन्झी रोमचा, त्याची वाट बिल एव्हान्सकडून आली. तो चेट बेकरबरोबर वाजवत असे आणि २००८ मध्ये त्याने दोमेनिको स्कार्लात्तीच्या सोनाटा घेऊन त्यांच्यावर उपज केली. बोल्लानी फ्लोरेन्सच्या कॉन्झर्वेटरीतून १९९३ मध्ये पदविका घेऊन निघाला, आणि रिकार्दो शाय्यीच्या संचालनाखाली लाइप्झिगच्या वाद्यवृंदाबरोबर त्याने गर्श्विन वाजवला. दोघांनाही कोणी विचारत नाही की तुम्ही यातले कोण.

दुसरा प्रश्न होता, ऐकायला सुरुवात कुठून करावी. आमचा सल्ला : आधी 'ला नोत्ते' पूर्ण पाहा, संगीत वेगळं काढून ऐकू नका. मग मंकच्या रचनांची एकल तबकडी. मंक स्वतः पियानोवादक, त्यामुळे मूळ वादन आणि गास्लिनीचं वादन शेजारी ठेवून तुलना करता येते. मंक जिथे थांबतो तिथे हा काय करतो, एवढंच बघत राहा. 'फाब्रिका ओकुपाता' त्यानंतर, उर्बानीसाठी. आयलर सगळ्यात शेवटी, आणि रात्री उशिरा नको, शेजारी तक्रार करतील.